वर्गणी, जर्सी आणि विठ्ठल : बेळगावातल्या एका फुटबॉल संघाचं प्रकरण

शहापुरातल्या एका गल्लीच्या मंडळाकडे २०२५ च्या जुलैमध्ये चार लाख रुपयांचा प्रस्ताव आला. देणारे जागांचे व्यवहार करणारे एक गृहस्थ आणि घेणारा मंडळाचा फुटबॉल संघ, तेही एका हंगामासाठी. आमचा तोवरचा वर्षाचा सगळा खर्च लाखाच्या आत भागायचा. असला प्रस्ताव पाच मिनिटांत मंजूर व्हायला हवा होता. नुसत्या निर्णयालाच दीड महिना लागला, तो एका माणसामुळे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो.

मी मंडळाचा खजिनदार. बैठकांची वही आणि पावत्या माझ्याकडे असतात, त्यांच्या आधारानं हे लिहितोय. गल्लीचं आणि माणसांचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. सीमाभागातल्या बऱ्याच मंडळांपुढे हाच प्रश्न आज ना उद्या येणार आहे, म्हणून जे झालं ते आकड्यांसकट मांडतो.

अण्णा आणि त्यांचा क्लब

अण्णांनी सगळी नोकरी उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये टर्नर म्हणून केली. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकत नाही, आषाढीला पंढरपूर चुकत नाही. आणि तेवढ्याच निष्ठेनं फुटबॉल. बेळगावात याचं कुणाला नवल वाटत नाही. हे छावणीचं गाव आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं आहे, कॅम्पात सेंट पॉल्ससारखी १८५६ सालची शाळा आहे, गोव्याकडून येऊन स्थायिक झालेली ख्रिस्ती कुटुंबं आहेत. अण्णा लहानपणी कॅम्पातल्या जवानांचे सामने कुंपणाबाहेर उभं राहून बघायचे. १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोना दिसला तो शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, दूरदर्शनच्या कृपेनं. तेव्हापासून विश्वचषकात ते अर्जेंटिनाचे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये लुसैलला फ्रान्सशी ३-३ झाल्यावर पेनल्टी सुरू झाल्या, तेव्हा हा माणूस देव्हाऱ्यासमोर जाऊन बसला होता आणि नातू आतल्या खोलीतून एकेक निकाल ओरडून सांगत होता.

पण विश्वचषक चार वर्षांनी येतो. रोजचा क्लब कुठून आणायचा? आमचं गाव कर्नाटकात, राज्याची संघटना पाचशे किलोमीटरवर बेंगळुरूत. डोळ्यासमोरचा फुटबॉल दोन दिशांना. संकेश्वरावरून गडहिंग्लज आणि निपाणीवरून कोल्हापूर, म्हणजे पाटाकडील, दिलबहार असे तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी. नाहीतर लोंढ्यावरून रेल्वेनं दूधसागर ओलांडून खाली गोवा. अण्णांच्या मनानं गोवा घेतला, आणि गोव्यात धेंपो हा क्लब. सुट्टी जुळली की डबा बांधून मडगावची गाडी धरायची, फातोर्ड्याला सामना बघायचा, रात्री स्टेशनवर पडायचं आणि सकाळी परत. ओव्हरटाइमचे पैसे तिकडे जायचे. काकू त्यावर कधी चिडायच्या, कधी स्वतःच डब्यात चार दशम्या जास्त घालायच्या.

धेंपोनं त्यांना भरभरून दिलं. देशातली तेव्हाची सगळ्यात वरची स्पर्धा, आधी राष्ट्रीय लीग आणि मग तिच्या जागी आलेली आय-लीग, दोन्ही मिळून पाच विजेतेपदं : २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. २००८ मध्ये आशियातल्या क्लबांच्या एएफसी चषकाची उपांत्य फेरी. प्रशिक्षक आर्मांडो कुलासो यांची शिस्त, महेश गवळीचा बचाव, क्लिफर्ड मिरांडा, रँटी मार्टिन्स ही नावं अण्णा अभंगाच्या ओळींसारखी घेतात. आणि ५ डिसेंबर २००४ ही तारीखही. त्या दिवशी बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध धेंपोचे दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरनं केले. दुसऱ्या गोलच्या वेळी गोलरक्षकाशी त्याची धडक झाली आणि तो गेला. पंचवीस वर्षांचा पोरगा. धेंपोनं त्याची दहा नंबरची जर्सी पुन्हा कुणाला दिली नाही. अण्णा अजून दर ५ डिसेंबरला उपास धरतात. मला हे सांगताना त्यांनी आवाज खाली केला नव्हता की लाजले नव्हते. घरातलं माणूस गेल्यावर जे करायचं तेच ते करतात.

मग २०१६ आलं. धेंपो आदल्या हंगामात आय-लीगमधून खाली घसरला होता. दुसऱ्या श्रेणीत जिंकून त्यानं परत वर येण्याचा हक्क मैदानावर मिळवला. त्याच वर्षी राष्ट्रीय महासंघानं नवी रचना पुढे केली : २०१४ ला सुरू झालेली इंडियन सुपर लीग सगळ्यात वर आणि आय-लीग तिच्या खाली. सुपर लीगमध्ये जागा मिळायची ती फ्रँचायझीच्या पैशानं, खालून जिंकत येण्याची वाट नव्हती. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि धेंपो यांनी निषेध म्हणून आय-लीग सोडली. अण्णांचा प्रश्न तेव्हापासून एकच आहे : जिंकून वर आलेला संघ बाहेर का पडतो?

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात पुष्कळ आहे. गोव्याचे मोठे क्लब काही भाविकांच्या दानावर उभे नव्हते. धेंपो, साळगावकर, सेसा, सगळ्यांच्या मागे खाणींचा पैसा होता. धेंपोनं आपला खाण व्यवसाय २००९ मध्ये विकला, २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि तिथल्या क्लबांच्या तिजोरीला त्याची झळ बसली. म्हणजे अण्णांची श्रद्धा ज्या जर्सीवर होती तिच्याखाली पैसाच होता. त्यांना हे आधीपासून ठाऊक आहे. ते म्हणतात, "पैसा होता की. कोण नाही म्हणतंय? खरं त्या पैशानं खेळणाऱ्याला पगार मिळायचा. आता पैशानं दार विकत घेतात."

प्रस्तावात काय होतं

गृहस्थांचं पत्र एका पानाचं होतं. त्यात तीन अटी. संघाच्या नावाआधी त्यांच्या व्यवसायाचं नाव लागेल. रोख बक्षिसाच्या स्पर्धांत किमान पाच खेळाडू बाहेरून आणायचे. त्यांचं मानधन याच चार लाखांतून. आणि पैसे हप्त्यांनी : सुरुवातीला एक लाख, कुठल्याही एका मोठ्या स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली की दीड लाख, उरलेले दीड लाख हंगाम संपल्यावर.

गल्लीत चर्चा झाली ती पहिल्या अटीवर. नाव! नावावरून आमच्याकडे माणसं लगेच तापतात, आणि १९५६ पासूनच्या आमच्या इतिहासात ते समजण्यासारखं आहे. पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात धोक्याची अट तिसरी होती. बाहेरच्या एका खेळाडूला सामन्यामागे तीन हजार, पाचांचे पंधरा हजार, वर प्रवास आणि जेवण. पाच-सहा सामन्यांत पहिला लाख संपतो. उपांत्य फेरीआधी हरलो तर पुढचा हप्ता नाही, आणि बाहेरून आलेली पोरं पैसे मागायला मंडळाच्या दारात. ते कुठून द्यायचे? मंडळाकडे शिल्लक असते ती एकाच खात्यात, गणपतीच्या वर्गणीच्या.

हे मी पहिल्या बैठकीत मांडलं तेव्हा बी.कॉम.ला असलेला आमचा एक पोरगा उठला. अंगात मँचेस्टर युनायटेडची जर्सी. तो म्हणाला, "हे तर ग्लेझरनं आमच्याशी केलं तसंच आहे." अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबानं २००५ मध्ये युनायटेड विकत घेतला, तो मोठ्या प्रमाणात कर्ज काढून, आणि त्यातलं बरंच कर्ज क्लबच्याच डोक्यावर बसवलं. ज्या प्रेक्षकांनी पिढ्यानपिढ्या तिकीट काढलं त्यांच्याच पैशातून त्यांचा क्लब विकत घेतल्याचं व्याज जाऊ लागलं. तिथल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी वेगळा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, एका सभासदाला एक मत. हे त्या पोरानं एका दमात सांगितलं आणि खाली बसला. अण्णा त्याच्याकडे कौतुकानं बघत राहिले. इंग्लंडचा फुटबॉल ते बघत नाहीत.

नेमक्या त्याच दिवसांत सुपर लीगची बातमी आली. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा २०१० मधला पंधरा वर्षांचा, सातशे कोटींचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. नवा ठरेना, म्हणून जुलैत पुढचा हंगामच थांबवला. ऑगस्टमध्ये काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. पुढे नोव्हेंबरमध्ये निविदा उघडली तर एकही बोली नव्हती. ज्या रचनेसाठी २०१६ मध्ये जुने क्लब बाजूला झाले, तीच पैशावाचून उभी राहीना. त्याच जुलैत आणखी एक गोष्ट झाली. एप्रिलमध्ये महासंघानं चर्चिल ब्रदर्सला दिलेलं आय-लीगचं विजेतेपद स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादानं इंटर काशीच्या पारड्यात टाकलं. अण्णांनी पेपर घडी घालून ठेवला आणि मला विचारलं, "आता निकाल बघायला कुठं जायचं? मैदानावर का कोर्टात?"

तीन बाजू

दुसरी बैठक वादळी झाली. वहीत सगळं लिहिलेलं आहे, पण इथं तीनच बाजू सांगतो.

कॅप्टन प्रस्तावाच्या बाजूनं होता. तो हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे. सामन्याच्या दिवशी त्याचा खाडा धरला जातो. तो जे बोलला ते मी जसंच्या तसं उतरवून घेतलंय : "अण्णा, तुमची श्रद्धा आमच्या फुकटच्या घामावर उभी हाय. तुम्ही बाहेर बसून टाळ्या वाजवतासा, माझी दिवसाची हजेरी जाते. बाहेरची पाच पोरं आली तर निदान मला शिकायला मिळंल, कोण तरी मला बघंल, कोल्हापूरचा नाहीतर गोव्याचा संघ बोलवंल."

दुसरी बाजू जुन्या कार्यकर्त्यांची. त्यांना गृहस्थही नकोत आणि पैसाही नको. गणपतीची वर्गणी दरवर्षी उरते, त्यातून थोडी फुटबॉलला घ्या, कोण विचारतंय? एकानं तर अण्णांकडे बोट दाखवलं : दरवर्षी दिंडीला एक दिवसाचं जेवण घालता, ते एक वर्ष पोरांना घाला, विठ्ठल काय रागावणार आहे?

तिसरी बाजू अण्णांची. जुन्यांच्या दोन्ही सूचनांना ते नाही म्हणाले. दिंडीचं जेवण त्यांनी आईला दिलेल्या शब्दाचं आहे, ते कुणाच्या सूचनेनं वळवणार नाहीत, आणि हे सांगताना त्यांनी एका वाक्यापेक्षा जास्त वेळ घालवला नाही. वर्गणीवर मात्र ते बराच वेळ बोलले. गल्लीत कुणी देवाच्या नावानं दिलेले दोनशे रुपये बुटांना वापरायचे तर त्या घराला विचारायला हवं. बूट वाईट आहेत म्हणून नव्हे, दिलेलं ज्या कामाला दिलं त्याच कामाला जायला हवं म्हणून. मग त्यांनी पंढरपूरचं उदाहरण दिलं. देवळातले बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेणारा कायदा १९७३ चा, पण खटले चालत राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निर्णय आला जानेवारी २०१४ मध्ये. आता देवळाचा कारभार मंदिर समिती बघते. "मी वारी कधी थांबवली नाही," अण्णा म्हणाले. "विठ्ठल बडव्यांचा नव्हता, आज समितीचा पण नाही. खरं समितीला हिशेब विचारता येतोय. बडव्यांना विचारायची सोय नव्हती."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथं आहे. चाहत्याची निष्ठा हीच कुठल्याही क्लबची खरी मालमत्ता असते, आणि ती मालमत्ता तारण ठेवून कर्ज काढणारा बहुतेक वेळा दुसराच असतो. मँचेस्टरमध्ये तसं झालं, आमच्या गल्लीत गणपतीच्या शिलकीवर ते होऊ घातलं होतं. अशा वेळी हिशेब मागणं हे श्रद्धेला सोडून नाही. ज्याची श्रद्धा आहे त्यानंच तो मागायला हवा, कारण बाकी कुणाला त्याची गरज नसते. जर्मनीत हे नियमातच बसवलंय : लीगमध्ये खेळायचं तर क्लबच्या निम्म्याहून अधिक मतांवर सभासदांचा ताबा हवा. काही जुने अपवाद आहेत, पण नियम टिकून आहे. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातले बारा क्लब स्वतःची बंदिस्त सुपर लीग काढायला निघाले तेव्हा त्या बारांत एकही जर्मन क्लब नव्हता.

पंढरपूरचं उदाहरण फुटबॉलला पूर्ण लागू पडत नाही, हेही मी त्या बैठकीत बोललो. देवळासाठी विधिमंडळ कायदा करतं. क्लब कायद्यानं मालकाचाच असतो, उद्या धेंपोच्या मालकांनी क्लब बंद केला असता तरी अण्णांना कुठल्याही कोर्टात उभं राहता आलं नसतं. गल्लीच्या मंडळाचं तसं नाही. इथं आपणच सभासद आहोत, म्हणजे नियम आजच लिहिता येतो.

कॅप्टनच्या मुद्द्याला मात्र अण्णांनी तिथल्या तिथं उत्तर दिलं नाही. घरी गेले. चार दिवसांनी माझ्याकडे आले ते एक कागद घेऊन. त्यावर पेन्सिलीनं अकरा-बारा पोरांची कामं आणि रोजची हजेरी मांडली होती : दुकान, माग, टेम्पो, गवंड्याच्या हाताखाली. म्हणाले, "त्याचं बरोबर हाय. मी आयुष्यभर पगारी खेळाडूंचा खेळ बघितला आणि आपल्या पोरांनी फुकट खेळावं म्हणालोय. बाहेरच्याला तीन हजार द्यायला निघालाय न्हवं? मग ह्यांचा खाडा आधी भरून काढा."

हा कागद आल्यावर चर्चेची दिशाच बदलली. तोवर सगळे पैसा घ्यायचा की नाही यावर भांडत होते. आता पैसा आधी कुणाकडे जाणार, हे ठरवायचं होतं.

काय ठरलं

फुटबॉलचं वेगळं पावतीपुस्तक छापलं. दोनशे रुपयांची पावती, आणि पावती घेतलेल्या घराला संघाच्या कारभारात एक मत. गणपतीची वर्गणी आणि हा पैसा कधीही एकत्र करायचा नाही, असा ठराव केला. घरोघर फिरलो. साठ हजारांच्या आसपास जमले. काही घरांनी दारातूनच परत पाठवलं. त्यांच्या मते फुटबॉल म्हणजे पोरांना उनाड करण्याचा धंदा. एका कन्नड विणकर कुटुंबातल्या आजोबांनी पावती घेतली आणि विचारलं, आमची दोन नातवंडं संघात आहेत, मैदानावर "बॉल कोडो" म्हणून ओरडतात ते तुमच्या पोरांना कळतं, मग पावती एकाच भाषेत का? त्यांचं म्हणणं वहीत नोंदवलं.

गृहस्थांना लेखी उत्तर पाठवलं : नाव जर्सीच्या पाठीवर घेऊ, संघाच्या नावाआधी नाही, बाहेरचे खेळाडू जास्तीत जास्त दोन, आणि कुणाला घ्यायचं ते प्रशिक्षक ठरवेल, रक्कम हप्त्यांत नको, एकदम द्या, आणि जेवढी द्याल तेवढाच खर्च करू. त्यांना राग आला. दोन आठवडे काही बोलले नाहीत. मग एक लाखाचा चेक पाठवला. मला वाटतं, हिशेब लिहून मिळणार आहे हे बघून त्यांनाही बरं वाटलं असावं. त्यांच्यावर माझा राग नाही. गावात फुटबॉलला पैसा देणारी माणसं हवीतच, आणि त्यांनी निदान अटी कागदावर लिहून दिल्या, तोंडी वायदे केले नाहीत.

खर्चातली पहिली ओळ होती खाडा. कामावर न जाता खेळणाऱ्या पोराला सामन्यामागे पाचशे. त्यानंतर बूट, जर्सी, मैदानाचं भाडं, प्रवास. बाहेरून एकच खेळाडू घेतला, खानापूर तालुक्यातला गोलरक्षक.

हंगाम यथातथाच गेला. एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो, तेही तीन गोलनी. दुसऱ्या ठिकाणी उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि पेनल्टीवर बाहेर पडलो. चार लाखांचा प्रस्ताव घेतला असता तर दुसरा हप्ता आम्हाला मिळाला नसता, हे वहीवरून दिसतं. पाच बाहेरच्या खेळाडूंसह आम्ही पुढे गेलो असतो असं म्हणणारेही गल्लीत आहेत, आणि त्यांना खोटं ठरवण्याचा काही मार्ग माझ्याकडे नाही.

हंगाम संपायच्या आत कॅप्टन कोल्हापूरच्या एका संघाकडे गेला. त्यांना डावा बचावपटू हवा होता, आणि आमच्या गोलरक्षकाच्या ओळखीतून त्यांना हा मिळाला. तिकडे मानधन मिळतं. जुन्या कार्यकर्त्यांनी त्याला गद्दार म्हटलं. अण्णा त्याच्या पहिल्या सामन्याला एसटीनं कोल्हापूरला जाऊन आले. आल्यावर त्यांनी सांगितलं की तो बरा खेळला, डाव्या बाजूला त्याच्यामागे फार जागा सुटत होती. संघ सोडल्याबद्दल काही बोलले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आमच्या क्लिफर्डला पगार नव्हता का?" धेंपो २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये आला, तेव्हापासून ते मडगावच्या गाडीचं वेळापत्रकही परत बघू लागलेत.

पुढच्या हंगामासाठी गृहस्थांचं नवं पत्र आलंय. दोन लाख, एकरकमी; एकच अट, जिंकलेली ढाल वर्षभर त्यांच्या ऑफिसात राहावी. कॅप्टनची जागा कुणाला द्यायची हेही ठरायचंय, आणि खाड्याचे पाचशे पुरत नाहीत असं टेम्पोवाल्या पोराचं म्हणणं आहे. पत्राला पावतीधारक घरांचं मत घेतल्याशिवाय उत्तर जाणार नाही. पावतीपुस्तक मात्र आत्ताच छापायला दिलंय, या खेपेला मराठी आणि कन्नड दोन्हींत.